ईसीएचएस कार्डावर सिल्डेनाफिल मिळतं का? पॉलिक्लिनिकला कुणी विचारलंय का?

जुळे_सोलापूर_हवालदार
सोमवार, रात्री ११.४०

जय हिंद मंडळी.

मित्रासाठी विचारतोय असलं काही लिहिणार नाही. स्वतःसाठीच विचारतोय, फक्त नाव टाकत नाही.

वय ५४. मराठा लाइट इन्फंट्री, २४ वर्षं सर्व्हिस, २०१४ ला हवालदार म्हणून पेन्शनीत आलो. आता चिंचोळी एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर. शुगर नऊ वर्षं झाली. २०२२ ला छातीत कळ आली आणि एक स्टेंट बसला. तो खर्च ईसीएचएसनं (आपली माजी सैनिकांची आरोग्य योजना) उचलला, माझ्या खिशातनं रिक्षाचं भाडं तेवढं गेलं. त्यामुळं योजनेबद्दल माझी तक्रार काहीच नाही.

आता मूळ गोष्ट. दीड वर्ष झालं, जमत नाही. आधी वाटलं उन्हाळ्यामुळं असेल. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा माणूस रात्री दोनपर्यंत ओला टॉवेल अंगावर टाकून गच्चीत पडलेला असतो, त्याला काय सुचणार. पण पाऊस आला, गड्ड्याची यात्रा आली नि गेली, तरी तेच. मग मी एक युक्ती काढली. नाइट शिफ्ट मागून घ्यायला लागलो. सुपरवायझरला नाइट करायची गरज नसते. गेटवरची पोरं म्हणतात, साहेब लई भले, आमच्या रात्री स्वतःच्या अंगावर घेतात. खरं कारण मला माहीत.

बायको एका शब्दानं बोललेली नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

नेटवर वाचलं की सिल्डेनाफिल (म्हणजे व्हायग्रा) आणि टॅडालाफिल ही ताठरतेसाठीची दोन औषधं आहेत. मला विचारायचंय ते एवढंच, की कार्डावर ती मिळतात का? पॉलिक्लिनिकच्या एमओ (मेडिकल ऑफिसर) साहेबांना सांगायचं कसं? आणि औषधाच्या खिडकीवर काय होतं? खिडकीवाल्यांचा दोष नाही, पण रांग अशी असते की मागचा माणूस पुढच्याची चिठ्ठी वाचतो, आणि मागचा माणूस नेमका आपल्याच तालुक्याचा निघतो. माझ्या मागं एकदा माझाच जुना प्लाटून हवालदार उभा होता. ज्यानं मला रगडा दिला त्याच्यासमोर मी ही चिठ्ठी पुढं करू?

हसणाऱ्यांनी हसून घ्या, पण उत्तर द्या.


बार्शीचा_नायक
सोमवार, रात्री ११.५८

हसणार नाही हवालदार साहेब. आमच्या ग्रुपमध्ये चाळीसजण आहेत, त्यातल्या निम्म्यांनी हा प्रश्न मनात विचारलेला असणार. लिहिलात तुम्ही एकट्यानं.

ईसीएचएस काय फुकट नाही. डिसेंबर २०१७ च्या दरानं हवालदारापर्यंतच्या माणसाला ३०,००० रुपये एकरकमी भरावे लागतात, जेसीओला (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००. पैसे भरलेत तर हक्कानं मागायचं, लाजायचं कशाला.

एक सोपा रस्ता सांगतो. टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम ही गोळी प्रोस्टेटलाही देतात. रात्री चार वेळा उठावं लागतं, धार बारीक येते, असं यूरॉलॉजिस्टला सांगायचं. तो टॅडालाफिल लिहील. एका दगडात दोन पक्षी, आणि चिठ्ठी कुणी वाचली तरी प्रोस्टेट म्हणायचं. आपल्या वयात प्रोस्टेट म्हणजे इज्जतीचा आजार.


एएमसी_नर्सिंग_असिस्टंट_निवृत्त
मंगळवार, सकाळी ६.१५

नायक, तुझा दगड एखाद्याचा जीव घेईल.

हवालदार साहेब, मी २६ वर्षं आर्मी मेडिकल कोअरमध्ये होतो, सध्या मुक्काम होटगी रोड. कार्ड, खिडकी, रांग हे सगळं नंतर. तुम्ही स्टेंटचा पेशंट आहात. सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं इथे लिहा. पाकिटावरचं वाचून लिहा, आठवून नको. जिभेखाली ठेवायची गोळी जवळ बाळगता का, तेही लिहा. आणि अशी एखादी गोळी आधीच आणून ठेवली असेल तर माझं उत्तर येईपर्यंत तिला हात लावू नका.


जुळे_सोलापूर_हवालदार
मंगळवार, दुपारी २.०५

नाइट करून आत्ता उठलो. पाकिटं समोर घेऊन लिहितो.

मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, अ‍ॅस्पिरिन, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल. आणि एक आहे आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ३०, सकाळी एक. जिभेखालची सॉर्बिट्रेट पाकिटात असते, पोराच्या फोटोमागं. दोन वर्षांत एकदाच लागली.

आणि खोटं कशाला बोलू, एक स्ट्रिप आणलीय. आपल्या भागात नाही, पार अशोक चौकाच्या पलीकडं जाऊन, डोक्यात हेल्मेट ठेवूनच दुकानात शिरलो. चार गोळ्या. काळ्या ट्रंकेत आहेत, जिच्यावर माझा आर्मी नंबर रंगवलाय. चाव्या माझ्याकडं. एकही खाल्लेली नाही. दोनदा हातात घेतली, परत ठेवली.


एएमसी_नर्सिंग_असिस्टंट_निवृत्त
मंगळवार, दुपारी ३.३०

परत ठेवलीत म्हणून आज मला उत्तर देताय.

नीट वाचा. आयसोसॉर्बाइड आणि सॉर्बिट्रेट ही नायट्रेट जातीची औषधं. शरीरात जाऊन ती नायट्रिक ऑक्साइड तयार करतात आणि रक्तवाहिन्या सैल होतात. सिल्डेनाफिल त्याच साखळीत पुढच्या टोकाला काम करतं. रक्तवाहिनी सैल ठेवणारा जो पदार्थ शरीर थोड्या वेळात मोडून टाकतं, त्याला ते मोडू देत नाही. एकानं नळ उघडायचा आणि दुसऱ्यानं मोरीला बोळा कोंबायचा, असा प्रकार. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात गेली तर ब्लड प्रेशर असं कोसळतं की माणूस उठून बसत नाही. ज्याच्या हृदयाच्या नळ्या आधीच अरुंद आहेत त्याला हे परवडत नाही. म्हणून नायट्रेट चालू असताना सिल्डेनाफिल नाही, टॅडालाफिल नाही, अर्धी नाही, पाव नाही.

आता टॅडालाफिलचं. नायकानं सांगितली ती गोळी प्रोस्टेटला देतात हे खरं आहे. पण सिल्डेनाफिलचा जोर चार तासांत निम्म्यावर येतो, टॅडालाफिलला त्यासाठी सतरा-साडेसतरा तास लागतात. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट द्यायचं नाही असा नियम आहे. आता विचार करा. तुम्ही प्रोस्टेट सांगून गोळी मिळवली, घरी कुणाला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे गेटवर छातीत दुखलं. पोरांनी कॅज्युअल्टीला नेलं. तिथला डॉक्टर स्टेंटचा कागद बघून पहिलं काम काय करणार? जिभेखाली सॉर्बिट्रेट. त्याची काही चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून डॉक्टरपासून लपवून हे औषध घ्यायचं नसतं. रांगेतल्या प्लाटून हवालदारापासून लपवा हवं तर.

शिवाय प्रोस्टेट सांगितलंत तर टॅम्सुलोसिन लिहितील, तेही बीपी उतरवतं. ज्याला जो आजार आहे त्यानं तोच सांगावा.

स्वतःहून आयसोसॉर्बाइड बंद करून "आता नायट्रेट नाही, आता चालेल" असा हिशेब करू नका. असे हिशेब करणारे मी पाहिलेत.

आता तुमचा प्रश्न. ईसीएचएस हा विमा नाही, इथंच सगळ्यांची गल्लत होते. ही अंशदायी योजना आहे, १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, बांधणी सीजीएचएससारखी, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेसारखी. बाजारातल्या मेडिक्लेमला पॉलिसी असते, तिच्यात काय वगळलंय त्याची यादी असते, आणि साधा मेडिक्लेम मुळात ॲडमिट झाल्याशिवाय पैसे देत नाही. ओपीडीतली गोळी त्याच्या खिजगणतीत नसते. आपल्याकडं गाडी वेगळ्या रस्त्यानं जाते. एमओ तपासतो, गरज वाटली तर रेफरल देतो, स्पेशालिस्ट औषधाचं मूळ नाव लिहितो, खिडकीवर साठा असेल तर मिळतं, नसेल तर चिठ्ठीवर एनए (उपलब्ध नाही) पडतं. टॉनिक आणि प्रसाधनं यांना तिथे जागा नाही. तुमची गोळी लिहायची की नाही हे डॉक्टर ठरवणार, खिडकी नाही. त्यामुळं "मिळते का" हे खिडकीला विचारायचंच नाही. डॉक्टरला विचारायचं, "मला हे का झालंय?"

कारण खरी किंमत तिथं आहे साहेब. गोळी स्वस्त आहे. तपासण्या महाग आहेत, आणि तपासण्या कार्डावर होतात. जी नळी तिकडे रक्त नेते ती एक-दोन मिलिमीटरची असते. हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. साखर आणि तंबाखू दोन्ही नळ्यांना एकाच वेळी खातात, पण बारीक नळी आधी तुंबते. पुष्कळ माणसांत ही तक्रार आधी येते आणि छातीतली कळ दोन-चार वर्षांनी. तुमच्यात क्रम उलटा झाला. कळ २०२२ ला, ही नंतर. मग प्रश्न पडतो की स्टेंट बसल्यावर पुढं कुठं काही तुंबतंय का, की नऊ वर्षांच्या शुगरनं नसा मारल्यात, की मेटोप्रोलॉलचा हात आहे (बीटा ब्लॉकर गटातल्या औषधांची ही तक्रार जुनी आहे), की डोक्यातली भीती आहे. स्टेंटनंतर पुष्कळजण बायकोजवळ जायलाच घाबरतात, त्या भीतीनंही जमत नाही.

एक साधी खूण सांगतो. पहाटे झोपेतून उठताना पूर्वीसारखं होतं का? होत असेल तर यंत्र शाबूत, भीतीचा भाग मोठा. दीड वर्षात एकदाही नसेल तर शरीराकडं बघावं लागेल. हे एमओ साहेब विचारतील, उत्तर तयार ठेवा.

एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) किती आहे?


साखरपेठ_मेडिकलवाला
मंगळवार, रात्री ९.२०

मी फौजी नाही, माफ करा मध्ये बोलतो. आजोबा मागावर चादरी विणायचे, वडिलांनी दुकान टाकलं, मी औषधं विकतो. हेल्मेट घालून दुकानात शिरणारं गिऱ्हाईक मी लांबून ओळखतो. एकजण तर नुसती चार बोटं दाखवतो.

हवालदार साहेब, ज्यानं तुम्हाला चिठ्ठीशिवाय स्ट्रिप दिली त्यानं चूक केली. सिल्डेनाफिल शेड्यूल एचमध्ये आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नसतं. आमच्या धंद्यात हा नियम कसा पाळला जातो ते तुम्ही बघितलंच. मी निदान एक प्रश्न विचारतो, "जिभेखालची गोळी आहे का घरात?" त्यावर दर चार-पाच गिऱ्हाइकांतला एक गप्प होतो.

किमतीचं सांगतो. नर्सिंग साहेब म्हणाले ते बरोबर, साधं जेनेरिक घेतलं तर हे औषध महाग राहिलेलं नाही. पाकिटावर वाघ-घोडा छापला की दर वाढतो, आत औषध तेच. जनऔषधी केंद्रात चिठ्ठी घेऊन विचारा.

त्याहून मोठी भीती मला रस्त्याकडेच्या तंबूंची वाटते. "खानदानी जडीबुटी" म्हणून पुड्या विकतात, माणूस म्हणतो आयुर्वेदिक आहे, अपाय नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा "नैसर्गिक" म्हणून विकलेल्या शेकडो मालात लपवलेलं सिल्डेनाफिल पकडलंय. म्हणजे आयसोसॉर्बाइड खाणारा माणूस पुडी खातो, त्याला वाटतं मुळी खाल्ली, आणि पोटात तेच गेलेलं असतं. वर डोस किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

जाता जाता एक गंमत. हे औषध शोधलं गेलं तेच हृदयासाठी. फायझर कंपनीच्या इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रयोगशाळेत छातीच्या कळेवर ते तपासत होते. कळेवर फारसा उपयोग झाला नाही, भलताच परिणाम दिसला, आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत व्हायग्रा म्हणून मंजूर झालं. छातीच्या कळेसाठी निघालेलं औषध, आणि छातीच्या कळेच्या गोळीशीच त्याचं वैर.

आणि फौजेच्या खर्चाचं म्हणाल तर अमेरिकेत हा प्रश्न उघड्यावर चर्चिला जातो. त्यांच्या सैनिकांच्या आरोग्य योजनेला ट्रायकेअर म्हणतात, त्यात ही औषधं मिळतात, महिन्याला किती ते ठरवून देतात. २०१४ या एका वर्षात अमेरिकन संरक्षण खात्यानं या जातीच्या औषधांवर ८ कोटी ४० लाख डॉलरच्या वर खर्च केला. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या ड्यूटीवरच्या जवानांच्या नव्हत्या, निवृत्तांच्या होत्या. २०१७ मध्ये ट्रम्प साहेब म्हणाले की ट्रान्सजेंडर सैनिकांच्या उपचाराचा बोजा नको, तेव्हा लोकांनी हाच आकडा काढून त्यांच्यापुढं धरला. आपल्याकडं असा आकडा कुणी काढत नाही, कारण आपल्याकडं माणूस हेल्मेट घालून येतो आणि रोख देतो.


बार्शीचा_नायक
मंगळवार, रात्री ९.४५

नर्सिंग साहेब, चूक झाली. मला वाटलं मी डोकं चालवलं. ती पोस्ट काढून टाकू का?


एएमसी_नर्सिंग_असिस्टंट_निवृत्त
मंगळवार, रात्री १०.०२

राहू दे. तुझ्यासारखं डोकं चालवणारे आणखी असतील, खाली उत्तर वाचतील.

फौजेचा विषय निघालाच आहे तर, हेच सिल्डेनाफिल २० मिलिग्रॅममध्ये फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो त्या आजाराला देतात. उंचीवर गेल्यावर फुप्फुसांत पाणी होतं, त्यावरही ही जात अभ्यासली गेलीय. मी लेहला असताना या गोळीचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्या संदर्भात. पोरं हसली होती, एमओ साहेबांनी हसू दिलं नाही.


अक्कलकोट_रोडची_वहिनी
बुधवार, सकाळी ११.१०

मी यांच्या फोनवरून वाचते, हे नायब सुभेदार होते. बाई म्हणून मध्ये बोलले तर चालेल ना?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की वहिनी एका शब्दानं बोललेल्या नाहीत. मी पण बोलले नव्हते. आमच्याकडं शुगर १२ वर्षं. यांचं असं सुरू झालं तेव्हा हे देवधर्माला लागले. दर गुरुवारी अक्कलकोट. मी म्हटलं, चांगलं आहे. पण दर गुरुवारी मुक्काम? अक्कलकोट इथून किती लांब, संध्याकाळी घरी येता येतं! तुमची नाइट शिफ्ट वाचली आणि मला तो मुक्काम आठवला.

आम्हाला काय वाटतं ते सांगते, कारण ते तुम्हाला कुणी सांगत नाही. आम्हाला गोळीचं वगैरे सुचत नाही. आम्हाला वाटतं आपण आता आवडत नाही. वजन वाढलं, केस पिकले, म्हणून असेल. मी सहा महिने आरशात बघून साडी बदलायची. नंतर हे एकदा रागाच्या भरात बोलले की "मला जमत नाही, तुझं काही नाही," तेव्हा खरं सांगते, मला रडूच आलं, आणि रडू आनंदाचं होतं.

औषधं आणायला मीच जाते कार्ड घेऊन. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घेते, दिवस जातोच. रांगेत निम्म्या बायकाच असतात. तुमची चिठ्ठी वहिनींच्या हातात द्या. बाईच्या हातातली चिठ्ठी वाचायची हिंमत मागच्या हवालदाराला होत नाही.

आमच्याकडं पुढं काय झालं ते इथे नाही लिहीत. बरं चाललंय.


जुळे_सोलापूर_हवालदार
बुधवार, रात्री १०.३०

वहिनी, नमस्कार. तुमची पोस्ट तीनदा वाचली. मग फोन हिच्यापुढं धरला. ती चष्मा लावून वाचत बसली, वरपासून खालपर्यंत सगळं. वाचून झाल्यावर म्हणाली, "ट्रंकेची चावी दे." दिली. स्ट्रिप कात्रीनं तुकडे करून टाकली. मग म्हणाली, "हेल्मेट घालून गेलता?" आणि जी हसत सुटली, मला पण हसू आवरेना. दीड वर्षात आम्ही एवढं हसलो नव्हतो.

नर्सिंग साहेब, एचबीए१सी ९.१ आहे. पहाटेचं म्हणाल तर महिन्यातनं एखाद्या वेळी, अर्धवट. तंबाखू-चुना आहे, दिवसाला दोन पुड्या. ते आधी लिहिलं नव्हतं.

शुक्रवारची सुट्टी टाकलीय.


एएमसी_नर्सिंग_असिस्टंट_निवृत्त
गुरुवार, सकाळी ६.००

९.१ ला गोळीही नीट चालत नाही, पैसे वाया. तंबाखू सोडा. सोडतो म्हणू नका, सोडा.

जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. एमओ साहेबांसमोर एकच वाक्य: "सर, दीड वर्ष झालं ताठरता येत नाही, शुगर आहे, स्टेंट आहे, नायट्रेट चालू आहे." चार तुकडे, फॉल-इनच्या रांगेत नंबर सांगितल्यासारखे. त्यांना यात नवीन काही नसतं, दिवसात दोन-तीन तरी असतातच. कार्डिऑलॉजीचा रेफरल आधी मागा, यूरॉलॉजीचा नंतर. टेस्टोस्टेरॉन सांगितलं तर रक्त सकाळीच द्या, दुपारी ते उतरलेलं असतं, उगीच कमी दिसतं.


जुळे_सोलापूर_हवालदार
(साडेतीन महिन्यांनी)

ज्यांनी ज्यांनी मेसेज करून विचारलं त्यांच्यासाठी लिहितो. चौदा जणांनी विचारलं. चौदाही जणांनी "मित्रासाठी" विचारलं.

हिला घेऊन गेलतो. नर्सिंग साहेबांचं वाक्य पाठ केलतं, पण आत गेल्यावर "सर" म्हणून थांबलो. पुढचं हिनं सांगितलं. एमओ साहेबांनी मान वर न करता विचारलं, "नायट्रेट कुठलं?" आणि लिहायला लागले. तेवढंच. त्यासाठी मी दीड वर्ष नाइट केली.

कार्डिऑलॉजिस्टकडं टूडी इको झाला, पट्ट्यावर चालवून टीएमटी झाली. एक रुपया लागला नाही. नऊ मिनिटं पळवलं, घाम फुटला, पण छाती शांत राहिली. डॉक्टरांनी जुने कागद बघितले आणि म्हणाले, आयसोसॉर्बाइड स्टेंटच्या वेळी सुरू केलेलं दिसतंय, आता कळ येत नाही तर त्याची गरज नाही. त्यांनी बंद केलं, मी नाही. पुढं महिनाभर काही त्रास होतो का ते बघितलं आणि मगच यूरॉलॉजीला पाठवलं. मेटोप्रोलॉल तसंच ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही म्हणाले.

तंबाखू पहिल्या आठवड्यात दोनदा चुकलो, नंतर नाही. एचबीए१सी ७.६ वर आलंय. रात्रीचं जेवण आठला, ड्यूटीवरचा वडापाव बंद. खरं सांगायचं तर गोळीच्या आधीच थोडा फरक पडलाय. किती ते इथे नाही लिहीत, वहिनींसारखंच.

यूरॉलॉजिस्टनं सिल्डेनाफिल ५० लिहून दिली. रोज नाही, लागेल तेव्हा, तासभर आधी, आणि तुपातल्या जेवणावर नाही, जड जेवणानं उशिरा लागू पडते म्हणाले. चेहरा लाल होईल, डोकं दुखेल, नजर किंचित निळी दिसली तरी घाबरू नका, पण चार तासांच्या वर उतरलं नाही तर सरळ कॅज्युअल्टी गाठा. सॉर्बिट्रेट पाकिटातनं काढली. तिच्या जागी एक कागद आहे, हिच्या अक्षरात: "स्टेंट २०२२. सिल्डेनाफिल घेतो. शेवटची गोळी कधी ते बायकोला विचारा." खाली हिचा नंबर. कागद पोराच्या फोटोमागंच आहे.

आता ज्याच्यासाठी मी हा धागा काढला ती खिडकी. चिठ्ठी हिनंच दिली. साठा नव्हता, एनए लिहून मिळालं. जनऔषधीतनं घेतली. बिल आणि एनए जोडून ठेवलंय, रक्कम बघून ही म्हणाली, क्लेमच्या झेरॉक्सला जास्त लागतील. मिळाले तर कळवतो.

मागच्या माणसानं चिठ्ठी वाचलीच. वाचून जरा जवळ सरकला. मी म्हटलं आता काहीतरी बोलणार. तो म्हणाला, "सर, हे डॉक्टर कुठल्या वारी बसतात?"

मी वार सांगितला.

नाइट आता आठवड्यातनं एकच आहे, तीपण माझ्या नंबरानं येणारी. गेटवरची पोरं म्हणतात साहेब बदलले.